चांदीच्या चाकांची गाडी

किसन ओहोळ ट्रक धुवायला बसला की नगरलगतच्या केडगावात आमच्या कोपऱ्यावर चार माणसं नुसती बघायला थांबायची. बाकीचे गाडीवाले सर्व्हिस स्टेशनला जायचे. तिथला माणूस कसलंसं ॲसिड मारायचा आणि गाडी चकचकीत व्हायची. किसन तिकडं कधी फिरकला नाही. तो माझ्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत ट्रक लावायचा, विहिरीचं पाणी बादलीनं आणायचा, आधी चाकं गार होऊ द्यायचा आणि मग अंगाच्या साबणानं, जुन्या बनियनच्या चिंधीनं एकेक चाक धुवायचा. धुऊन झालं की कोरडं पुसायचं, पॉलिश लावायचं, परत पुसायचं, वर मेणाचा हात फिरवायचा. एवढं करून ट्रकच्या बाकीच्या अंगावर दोन बादल्या पाणी मारलं की त्याचं काम संपलं. टपावर चिखल असला तरी त्याला चालायचा.

माझं पुणे रोडवर स्पेअर पार्टचं दुकान होतं. छोटंच होतं, पण किसन मला शेठच म्हणायचा. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको सुमन आणि धाकटा भाऊ मिलिंद असे तिघं भाड्यानं राहायचे. त्यामुळं गिऱ्हाईक आणि शेजारी अशा दोन्ही नात्यांनी मी त्याला बघत होतो. उंच, काटक, डोक्याला कायम एक पांढरी टोपी. बोलणं कमी. कुणी काही विचारलं तर आधी समोरच्याकडं नीट बघायचा आणि मग "व्हय" किंवा "न्हाई" म्हणायचा. एवढ्यावर बऱ्याच गोष्टी मिटतात असं त्याचं मत होतं.

तो मूळचा मिरजगावजवळच्या एका वाडीचा. पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर क्लीनर आणि मग ड्रायव्हर म्हणून काढून त्यानं स्वतःचा ट्रक घेतला होता. जपानी घाटाचा, लहान चणीचा, सहा चाकी. नगरहून सिमेंट, पेंड, किराणा भरायचा आणि सोलापूर रोडनं मिरजगाव, करमाळा असा जायचा. त्याच्या वाडीत बौद्ध वस्तीतल्या माणसाची स्वतःची गाडी ही पहिलीच. पहिल्यांदा गाडी गावात नेली तेव्हा तो वस्तीत एकदम गेला नाही. आधी चावडीपुढं थांबला, इंजिन बंद केलं, खाली उतरून पाणी प्यायला आणि मग गेला. का थांबलास म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "इंजान गरम झाल्तं." इंजिन गरम झालेलं नव्हतं, हे मलाही कळलं आणि मला कळलंय हे त्यालाही.

ॲल्युमिनियमची चाकं त्याला मुंबईच्या भंगार बाजारात दिसली. परदेशातून मोडीत आलेल्या कुठल्या तरी जपानी ट्रकची ती होती. तेव्हा आमच्याकडं असली चाकं मोटारीला क्वचित दिसायची. ट्रकला कुणी बघितलीच नव्हती. सहा चाकं होती, भोकंही सहा-सहाच आणि त्याच्या हबला बसणारी. तो ती पोत्यांत गुंडाळून, मध्ये पेंढा घालून, तान्ही पोरं आणावीत तशी घेऊन आला. मी त्याला वेड्यात काढलं. लोखंडी रिंगा चांगल्या असताना हे कशाला, असं म्हणालो. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि पोती सोडायला लागला.

पण चाकं बसवायची म्हणजे नुसती अडकवून नट आवळायचे असं नव्हतं. ॲल्युमिनियमचं चाक लोखंडी चाकापेक्षा जाड असतं. गाडीचे जुने बोल्ट त्यातून जेमतेम बाहेर यायचे, नटाला धरायला आटेच उरायचे नाहीत. एमआयडीसीत रशीदभाई म्हणून आमच्या दोघांच्याही ओळखीचे लेथवाले होते. किसननं त्यांच्याकडून चांगल्या पोलादाचे लांब बोल्ट करून घेतले. रशीदभाईंनी पहिला घाणा केला तो त्यानं परत केला. दुसराही परत केला. तिसऱ्या वेळी रशीदभाईंनी वैतागून त्याला लेथपुढं उभं केलं आणि म्हणाले, तूच बघ आता. किसन दिवसभर उभा राहिला.

नटही वेगळे. लोखंडी चाकाचं भोक तोंडाला उतरतं असतं, म्हणून त्याचा नट पुढं निमुळता. या चाकांना मात्र सपाट तोंडाचा नट आणि खाली वॉशर. एकाचा नट दुसऱ्याला चढतो, आवळलाही जातो, पण बसत नाही. बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि रस्त्यावर हळूहळू ढिला होतो. किसनला हे रशीदभाईंनी सांगितलं आणि त्यानं ते मंत्रासारखं धरलं. चाकं सहाच मिळाली होती. म्हणून स्टेपनी लोखंडीच राहिली. त्या स्टेपनीचे निमुळते नट त्यानं लाल कापडाच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवले आणि मिलिंदला पिशवी उघडून, एकेक नट हातात देऊन दाखवले.

चाकं बसवली त्या दिवशी त्यानं हबवरचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढला. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना खातात, म्हणून मध्ये नायलॉनच्या पातळ चकत्या कापून घातल्या. नट समोरासमोरचे घेत थोडेथोडे आवळले. घण वापरायचा नाही, पान्यावर उभं राहून नाचायचं नाही. पहिली फेरी निघाली तेव्हा वाटेत रुईछत्तीशीला थांबून त्यानं सगळे नट परत आवळले. नवं चाक थोडं बसतं, मग नट सैल पडतो, असं त्याचं म्हणणं. पुढं ती सवयच झाली. निघताना, थांबताना, चहा पिऊन उठताना तो गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि पान्यानं नटांवर टक-टक करत कान द्यायचा. मिलिंदला वर चढू देण्याआधी विचारायचा, "नट बगितलं का?" मिलिंद हसायचा. सुमनवहिनी म्हणायच्या, हे माझं नाव विसरतील पण नट विसरायचे नाहीत.

चाकांपायी त्यानं भाडीही सोडली. मीठ न्यायचं नाही, खत न्यायचं नाही. मीठ आणि खत ॲल्युमिनियमला पोखरतं. मार्केट यार्डातला एक खतवाला व्यापारी त्याच्यावर लई चिडला होता. तुझी गाडी काय नवरीमुलगी हाय का, असं सगळ्यांसमोर बोलला. किसन "व्हय" म्हणाला आणि पान खायला निघून गेला. दोन दिवस यार्डात हाच विषय होता. त्याच्या ट्रकला पोरं नवरी म्हणायला लागली. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही.

हे सगळं कशासाठी, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. उन्हाळ्याचे दिवस होते, गिऱ्हाईक नव्हतं, दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो होतो. बहात्तरच्या दुष्काळात त्याची आई सोलापूर रोडवर खडी फोडायला जायची. तो तिच्यासोबत. मिलिंद तेव्हा अंगावर पिणारा, त्याची झोळी बाभळीला बांधलेली. दिवसभर मान खाली घालून हातोडी मारायची. रस्त्यावरनं गाड्या जायच्या.

"शेठ, खडी फोडनाऱ्याला गाडी कधी दिसत न्हाई," तो म्हणाला. "मान वर करायला टाइम नसतो. चाक तेवढं दिसतं. गंजलेलं, चिखलाचं. म्या तवाच म्हनलं हुतं, आपली गाडी आली तर चाक बघन्यासारखं पाहिजे."

मग तो उठला आणि नटांची फेरी मारायला गेला.

आईच्या माघारी मिलिंदला त्यानंच वाढवलं. किसन आणि सुमनवहिनींना मूल नव्हतं. मिलिंद हेच त्यांचं मूल. तो मोठा झाला तसा अंगानं थोरल्यासारखाच निघाला, तीच उंची, तीच चाल. स्वभावानं मात्र घाईचा, हसरा, बोलका. पुढं त्याचं एसटीत ड्रायव्हर म्हणून काम होण्याचं ठरत आलं. कॉल आला, परीक्षा झाली, शेवटची तपासणी राहिली होती. किसननं ते सगळ्या रस्त्याला सांगितलं. एरवी हो-नाहीवर भागवणारा माणूस त्या आठवड्यात ओळख नसलेल्या गिऱ्हाइकांशीही बोलत होता. सरकारी गाडी, सरकारी कपडे, म्हातारपणी पेन्शन. म्हणायचा, आमच्या घरात पयल्यांदा कुनी खाकी घालनार.

त्याच आठवड्यात त्याला मलेरिया झाला. सिमेंट करमाळ्याला पोचवायचं कबूल केलं होतं, म्हणून मिलिंद एकटाच निघाला. क्लीनर नव्हता. सकाळी किसन घोंगडी पांघरून माझ्या दुकानात येऊन बसला, थरथरत चहा प्यायला आणि तिथूनच भावाला नटांची फेरी मारायला लावली. मिलिंदनं मारली. मी बघितलं. सगळे नट पक्के होते.

संध्याकाळी सोलापूर रोडवरून आलेल्या एका ट्रकवाल्यानं मला बातमी दिली. मिरजगावच्या अलीकडं रोजगार हमीचं काम चालू होतं, बाया रस्त्याकडेला खडी फोडत बसल्या होत्या. नवरीचं पुढचं डावं चाक चालत्या गाडीतून निखळलं आणि त्या बायांत गेलं. एक बाई जागेवर गेली. ड्रायव्हर गाडी टाकून शेतातून पळाला.

मी किसनला सांगायला गेलो तेव्हा तो तापात होता. सगळं ऐकलं. एकच विचारलं, कोन बाई. मला माहीत नव्हतं.

मिलिंद दुसऱ्या दिवशी उजाडता आला. रात्रभर चालत आला होता, पायात एकच चप्पल. किसनच्या खोलीत आम्ही चौघंच. तो रडत रडत सांगत होता. रुईछत्तीशीच्या पुढं पुढचं चाक पंक्चर झालं. एकट्यानं जॅक लावला, स्टेपनी चढवली. संध्याकाळच्या आत परत यायचं होतं, दुसऱ्या दिवशी एसटीची तपासणी होती. पटापट नट आवळले आणि निघाला. मिरजगाव जवळ आल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं, त्याला वाटलं रस्ता खराब आहे.

किसन भिंतीला टेकून बसला होता. त्यानं विचारलं, "पिशवीतले नट लावले का?"

मिलिंदनं नकारार्थी मान हलवली. त्यानं काढलेल्या चाकाचेच नट परत लावले होते. सीटखालची पिशवी त्याला आठवली नव्हती.

मला वाटलं किसन त्याला मारेल. त्यानं मारलं नाही. बराच वेळ तो मिलिंदच्या त्या अनवाणी पायाकडं बघत राहिला. मग उठला, तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. सुमनवहिनींना म्हणाला, याला जेवायला घाल आणि तपासनीला पाठव. वहिनी दारात आडव्या झाल्या. म्हणाल्या, ज्यानं केलं त्यानं निस्तरावं. त्यानं त्यांना हातानं बाजूला केलं. बाहेर आल्यावर माझ्याजवळ थांबला.

"शेठ, काल सकाळी म्या तुमच्या दुकानात आलोच न्हवतो."

मी काही बोललो नाही. त्यानं तोच होकार समजला असावा. तापानं डोळे लाल होते, तसाच एसटीत बसून तो मिरजगावला गेला आणि गाडी मी चालवत होतो, मीच पळालो, असं सांगून मोकळा झाला. खडीवरच्या बायांनी ड्रायव्हरला पाठमोरं पळताना बघितलं होतं. उंच होता, एवढंच त्या सांगू शकल्या.

मेली ती कौसाबाई. जवळच्याच वाडीची, नवरा भानुदास शेतमजूर, एक मुलगी. हे किसनला चौकीतच कळलं.

जामिनावर सुटल्यावर काही दिवसांनी किसन मला म्हणाला, माझ्यासंगं चला. कुठं ते सांगितलं नाही. मिरजगावला उतरून आम्ही चालत कौसाबाईच्या घरी गेलो. पत्र्याचं घर, दारात शेळी. भानुदास ओट्यावर बसला होता. किसननं त्याच्यापुढं टोपी काढून ठेवली आणि म्हणाला, गाडी माझी हुती. मला वाटतं, मार खायच्या तयारीनंच तो आला होता. भानुदासनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मुलीला पाणी आणायला सांगितलं.

मुलीचं नाव मंगल. बारा-तेरा वर्षांची असेल. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि तिथंच खांबाला धरून उभी राहिली. मग तीच किसनला म्हणाली, "तुमचीच का ती चांदीच्या चाकांची गाडी?"

किसननं मान हलवली.

"आई रोज वाट बघायची तिची. लांबनं दिसली की हातुडी खाली ठिवायची. बाकीच्या बाया तिला हसायच्या. म्हनायची, तेवढंच डोळ्याला बरं वाटतं." मग ती म्हणाली, "त्या दिशी बी ती उठून हुबी राहिल्ती. बाकीच्या बसल्या हुत्या, त्या वाचल्या. चाक त्यांच्या डोईवरनं गेलं."

भानुदास म्हणाला, "गप गं पोरी."

ती रागानं बोलली नव्हती. आईची एक आठवण सांगावी तशी तिनं सांगितली होती. किसननं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. मी हात देऊन त्याला उठवलं. वाटेत तो एकदाही थांबला नाही. मिरजगावच्या स्टँडवर आल्यावर बाकड्यावर बसला आणि हातांच्या तळव्यांत तोंड घालून ओरडला. रडणं नव्हतं ते. स्टँडवरची माणसं मागं सरली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो.

लोकांत जे बोललं गेलं ते सोपं होतं. फॅशनची चाकं नडली, भंगारातला माल लावला, गरिबाला श्रीमंतीचा सोस. खतवाला व्यापारी तर जाहीर बोलत होता. निखळलेलं चाक लोखंडी होतं, हे किसननं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नटांचं विचारलं गेलं असतं, आणि नट इतक्या वेडेपणानं सांभाळणारा माणूस असं कसं विसरला, हेही. तो ऐकून घ्यायचा. मी एकदा यार्डात भांडायला उठलो तर त्यानं माझी बाही धरली.

पोलिसांनी गाडी सोडली तेव्हा त्यानं ती दुकानामागं आणून लावली आणि सगळी चाकं काढली. नगरचा एक गॅरेजवाला ती विकत घ्यायला दोनदा येऊन गेला. मग एका दुपारी गावातनं दुकानात आलो तर मागून आवाज येत होता, म्हणून मी जाऊन बघितलं. किसन घण घेऊन चाकं फोडत होता. ती फुटत नव्हती. ॲल्युमिनियम दबायचं, पोचा यायचा, घण उसळून परत यायचा. अंगातून घाम वाहत होता, हाताची सालं निघाली होती, आणि तो एका चाकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर जात होता. सुमनवहिनी दारात बसून बघत होत्या. त्यांनी मला सांगितलं, सकाळपासून चाललंय.

मी रशीदभाईंना बोलावलं. ते आले, थोडा वेळ उभे राहिले आणि मग पुढं होऊन त्यांनी दोन घावांच्या मध्ये घणाचा दांडा धरला. म्हणाले, दे इकडे, मी वितळवून आणतो. किसननं दिला. रशीदभाईंनी चाकं टेम्पोत घातली. जाताना, त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाले, याची पातेली होतील, किसन, लोक जेवतील त्यात.

"कुठं ते मला सांगू नका," किसन म्हणाला.

लोखंडी रिंगांवर ट्रक विकला गेला. किसनला गाडी चालवायला कुणी बोलावत नव्हतं आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता. यार्डात हमाली करायला लागला. कोर्टाच्या तारखांना जायचा.

मिलिंद एसटीत लागला होता. खाकी कपड्यांत तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा किसननं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कॉलर नीट केली. मिलिंदनं त्याचा हात धरला. तो काहीतरी बोलणार होता, किसननं बोलू दिलं नाही. मला वाटलं, निदान हे तरी झालं. या सगळ्यातून एक पोरगं मार्गी लागलं.

काही महिन्यांनी त्याच्या डेपोतला एक कंडक्टर माझ्याकडं आला. कर्जत रस्त्याला भरलेली बस मिलिंदनं मध्येच कडेला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली कंडक्टरच्या हातात दिली आणि म्हणाला, माझ्यानं होत न्हाई. उतरून चालायला लागला. लोकांना वाटलं लघवीला गेला असेल.

तो त्यानंतर घरी एकदाच आला. दोघा भावांचं काय बोलणं झालं ते मला सुमनवहिनींकडून कळलं. मिलिंद म्हणत होता, मी खरं सांगतो, मला जाऊ दे चौकीत. किसननं सांगितलं की आता सांगितलंस तर दोघंही जाऊ, आणि मग आईनं दुष्काळात तुला कशासाठी जगवलं. मिलिंद म्हणाला, तुम्ही मला वाचवलं न्हाई दादा, तुम्ही मला त्या बाईसंगं ठिवलं. सकाळी तो नव्हता. कुणी त्याला सुरतेला बघितल्याचं सांगायचं, कुणी वापीला. किसन एकदा सुरतेला जाऊन आला. किती हिंडला, कुठं झोपला, काही सांगितलं नाही. परत आल्यावर दोन दिवस नुसता पडून होता.

शिक्षा लागली तेव्हा कोर्टात त्याच्या बाजूनं मी आणि रशीदभाई असे दोघंच होतो. वर्षाची शिक्षा झाली. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. रशीदभाईंनी त्याला मिठी मारली, तेव्हा तो त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होता आणि मला वाटतं, त्याला मी दिसत नव्हतो. सुमनवहिनींनी तोवर खोल्या सोडल्या होत्या. जामखेडला माहेरी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, मी खोट्यासंगं नांदत न्हवते शेठ, पन त्यांनी मला खोट्यात ठिवलं. सुटल्यावर तो त्यांच्याकडं गेला नाही. केडगावलाही आला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा एका लग्नासाठी मी माझ्या व्हॅननं कोपरगावला गेलो. परत निघताना दिवस कलायला आला होता. कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या पडल्या होत्या, पाचटाच्या झोपड्या, रस्त्याला अगदी लागून. बैलगाड्या सोडलेल्या, चुली पेटलेल्या. एका चुलीजवळ वाकून लाकूड सारणारा माणूस मला ओळखीचा वाटला. मी व्हॅन अलीकडंच थांबवली आणि चालत गेलो.

किसनच होता. टोपी नव्हती, केस पांढरे झालेले. तोडणीवाले पहाटे फडात गेले की कोप्या सांभाळायच्या, बैलांना पाणी दाखवायचं, पोरांकडं बघायचं, हे त्याचं काम. त्याच्या मोबदल्यात भाकरी. टोळी निघाली की टोळीबरोबर दुसरीकडं. त्यानं मला बसायला पोतं दिलं. मी रशीदभाईंची खुशाली सांगितली, दुकान रस्ता रुंदीकरणात जाणार असल्याचं सांगितलं. तो ऐकत होता. मंगलचं लग्न झाल्याचं मला कळलं होतं, तेही सांगितलं. त्यानं कुठं दिली ते विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली.

मग म्हणाला, "मिलिंद कुठं दिसला का?"

मी नाही म्हणालो. तो उठला आणि बैलांना वैरण टाकायला गेला. पाठमोरा उभा राहून त्यानं वैरण टाकली, पेंढीचं बंधन सोडून बोटाला गुंडाळलं, परत सोडलं. मी त्याला म्हणालो, चल माझ्याबरोबर, दोन दिवस राहा केडगावला. तो म्हणाला, न्हाई. मी निघतो म्हणालो तेव्हा हात जोडले, पण रस्त्यापर्यंत आला नाही.

मला त्या कोप्यांवरूनच पुढं जायचं होतं. मी इंजिन सुरू केलं. रस्त्याच्या कडेला तोडणीवाल्यांची चार-पाच लहान पोरं मातीत खेळत बसली होती. माझ्या गाडीचा आवाज झाला तसा किसन कोपीमागून धावत आला. एकाला काखेत, एकीला दंडाला धरून त्यानं सगळ्यांना रस्त्यापासून मागं, बैलगाडीच्या आड नेलं. पोरं सवयीनं उठली, रडली नाहीत, त्यांचा खेळही मोडला नाही. चुलीपाशी बसलेली बाई माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, बाबा असंच करत्यात, कुनाची बी गाडी येऊ द्या.

मी अगदी सावकाश निघालो. तो पोरांच्या पुढं, रस्त्याकडं तोंड करून, दोन्ही हात पसरून उभा होता. माझी व्हॅन त्याच्यासमोरून गेली तेव्हा मी हात वर केला. त्यानं मला ओळख दाखवली नाही. मी पुढच्या वळणापर्यंत आरशात बघत होतो. हात तसेच पसरलेले होते.